संरक्षक भिंत: स्वस्त अंदाजपत्रकात काय नसते?

महोदय,

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हापासून नागपुरात नाल्याकाठचे घरमालक घरामागे माती अडवणारी संरक्षक भिंत बांधायच्या चिंतेत आहेत. माझ्या धाकट्या दिरांचा प्लॉटही असाच. ४० फूट लांब, ७ फूट उंच भिंतीसाठी एका ठेकेदाराने १ लाख ९० हजार सांगितले, दुसऱ्याने ३ लाख ४० हजार.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचल्यावर फरक कळला. स्वस्त अंदाजपत्रकात पाण्याचा निचरा होण्यासाठी भोके नव्हती, भिंतीमागे गिट्टीचा थर नव्हता. खोदलेली काळी मातीच परत भरायची होती! आपली ही माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला ढकलते. त्यात पाणी तुंबले तर दाब आणखी वाढतो. शिवाय उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा चौपट आणि भिंत उलथवणारा जोर आठपट होतो. म्हणून ३ फुटी भिंतीचा दर फुटामागचा दर ७ फुटी भिंतीला लावणे सरळसरळ धोक्याचे आहे.

सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, हे बरेच झाले. पण पाया, सळई, सेंटरिंग आणि मजुरीही सामान्य माणसाला जड जाते. महापालिकेने नाल्याकाठच्या घरांसाठी काळ्या मातीला चालणारे नमुना आराखडे मोफत द्यावेत आणि पावसाळ्याआधी ते झोन कार्यालयांत लावावेत, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर