पाय आईचा, सही माझी

संपादक महोदय,

कालच्या अंकातला रुग्णहक्कांवरचा लेख वाचला. लिहिणाऱ्यांनी मेहनत घेतली आहे, मान्य. पण ‘रुग्ण किंवा त्याच्या पालकाची संमती’ हे शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतात आणि त्या ‘किंवा’पाशीच मी अडकलो. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाला पालक कुठला?

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. वय 74, डोकं तल्लख, किराण्याचा हिशेब अजून तिच्याकडेच. रात्री अकराला काउंटरवर माझ्यापुढे संमतीपत्र आलं. ऑपरेशनचं नाव, डॉक्टरांचं नाव, धोके, सगळ्या जागा कोऱ्या. ‘खाली सही करा, बाकीचं आम्ही भरतो.’ मी केली. आई दहा पावलांवर स्ट्रेचरवर जागी होती. तिला त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. सांधा बदलल्याचं तिला ऑपरेशननंतर कळलं. म्हणाली, “पाय माझा होता ना रे?”

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. दिल्लीतली 44 वर्षांची महिला तपासणीसाठी भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं. ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तपासणीला दिलेला होकार म्हणजे शस्त्रक्रियेला होकार नव्हे, असंही सांगितलं. जीव वाचवण्याची निकड असेल तर गोष्ट वेगळी. मूल लहान असेल, माणूस बेशुद्ध असेल आणि शुद्धीवर येईपर्यंत थांबणं शक्य नसेल, तर दुसऱ्याने सही करावी हे कुणालाही पटेल. माझी आई यांपैकी कशातच बसत नव्हती.

दोष फक्त रुग्णालयांचा नाही. ‘डॉक्टर, तिला काही सांगू नका, घाबरेल’ हे आपण नातेवाईकच सांगतो. तुमच्या लेखात आमच्या जबाबदारीवर जेमतेम दोन ओळी आहेत, त्याही बिल वेळेवर भरण्याबद्दल आणि डॉक्टरांवर हात न उगारण्याबद्दल. कोऱ्या कागदावर सही करू नये, आधी खाटेवरच्या माणसाला विचारावं, हे कुणी लिहायचं?

आणि एक. लेखासोबत सलाइन लावलेल्या, डोळे मिटून पडलेल्या एका आजोबांचा फोटो छापला आहे. चेहरा स्पष्ट दिसतो. खासगीपणा हा रुग्णाचा हक्क असल्याचं त्याच पानावर लिहिलं आहे. त्या आजोबांना विचारलं होतं, की त्यांच्या मुलाला?

– एक वाचक, कराड