मंत्रिमहोदय, मिरचीच्या रोपावरची काजळी बघा

प्रति,
मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र शासन

महोदय,

पुणे–सोलापूर महामार्गावर उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांग आहे. माझीही छोटी नर्सरी तिथलीच. रस्त्याकडच्या ट्रेमधल्या मिरचीच्या रोपावरून बोट फिरवलं की काळं लागतं. पाणी मारावं तर काजळी आणखी चिकटते. पर्णरंध्रं बुजतात, ऊन पोचत नाही. मोठं झाड चार पानं गाळून सोसतं. या जिवाकडे पानंच दोन.

मातीतलं दुखणं, गाड्यांच्या धुरातून साचलेल्या शिशाचं, याहून छुपं. बियाण्याच्या पिशवीवर उगवण छापलेली असते, मिरचीला किमान ६० टक्के, कांद्याला ७०. तो आकडा प्रयोगशाळेतला. रस्त्याकडेच्या मातीत फसगत अशी होते की बी उगवतं. टरफल शिसं बऱ्यापैकी बाहेर अडवतं आणि कोंबाची पहिली शिदोरी बियातच असते. मार बसतो मुळाला. ते खुरटतं, वरून मात्र काही दिवस सगळं हिरवंगार. (मग आम्ही ‘मर लागली’ म्हणून बुरशीनाशक ओततो!)

शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण मातीत बसलेलं शिसं जाणार कुठे? २०२० मध्ये गाड्यांच्या धुरावरचा ‘भारत स्टेज सहा’ नियम आला, नव्या गाड्यांचा धूर कमी झाला. टायर झिजून पडणारं जस्त आणि ब्रेकमधून झडणारं तांबं त्या नियमात बसत नाही.

हवेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा एरवी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात ३०. झाडझाडोऱ्याला जास्त स्वच्छ हवा लागते, हे कागदावर मान्यच आहे की. पण ही कडक मर्यादा केंद्राने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांपुरती. आमचे वाफे त्यात कुठून येणार?

मागणी एकच. पुणे, परभणी, नागपूरला बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत. उगवण तपासताना विकृत रोपं वेगळी मोजायची पद्धत तिथे आधीपासून आहे. महामार्गापासून ५, ५० आणि २०० मीटरवरची माती तिथे पाठवा, तिच्यात बी लावा आणि मुळांची लांबी मोजायला सांगा. खातं कृषीचं आहे, ठाऊक आहे. म्हणून पत्राची प्रत तिकडेही धाडतोय.

माती काढून द्यायला मी येतो. फक्त मे संपायच्या आत सांगा, जूनमध्ये रोपांच्या गर्दीत मान वर करायला वेळ नसतो.

आपला,
एक नर्सरीवाला