अभिप्राय घ्या, पण बंधपत्राच्या वर्षात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या डॉक्टरांना आपले शिक्षण कसे वाटले, हे इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात विचारण्यात अर्थ नाही. लॉगबुकवर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सह्या राहिलेल्या असतात, पूर्तता प्रमाणपत्र मिळायचे असते. अशा वेळी नावानिशी भरून घेतलेल्या अर्जात ‘समाधानकारक’शिवाय दुसरे काय येणार? खरे मत बनते ते पुढे, बंधपत्राच्या म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या वर्षात, करमाळा किंवा मंगळवेढ्याकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकट्याने रुग्ण घ्यावा लागतो तेव्हा.

तिथे अडते ते हाताच्या सवयीपाशी. सर्पदंशाचे घ्या. विष भिनल्याने रक्त गोठेनासे झाले का, हे पाहायला शिरेतले २ मिली ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे, मग एकदाच तिरपे करून पाहायचे, हे परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. केंद्रात नळी प्लास्टिकची निघते किंवा साबणाने धुतलेली. तिच्यात चांगले रक्तही वेळेत गोठत नाही आणि विष न भिनलेल्या माणसाला प्रतिविषाच्या १० व्हायल (कुप्या) जातात. त्यावर रिअ‍ॅक्शन आली, तर ०.५ मिग्रॅ अ‍ॅड्रिनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलेले हवे. ही सवय वाचून लागत नाही, कॅज्युअल्टीत कोणाच्या तरी शेजारी उभे राहून लागते.

न रडणाऱ्या नवजात बाळाचेही तसेच. पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास सुरू व्हायला हवा, मिनिटाला ४० ते ६०. छाती वर येत नसेल, तर बहुतेकदा मास्क कडेने गळत असतो किंवा मान नको इतकी मागे गेलेली असते. कार्यशाळेतल्या बाहुलीवर एकदा करून हे हाताला बसत नाही. शवविच्छेदनाचा विषय शिकून तर मधे काही वर्षे गेलेली असतात. मग विषबाधेचा व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणाऐवजी फॉर्मलिनमध्ये जातो आणि रासायनिक तपासणीच्या कामाचा राहत नाही.

रक्त काढणे, सलाईन लावणे यात मात्र आपली मुले कोणाला हार जाणार नाहीत, कारण वर्षभर तेच केलेले असते. टाके आणि बाळंतपणे निवासी डॉक्टरांकडे जातात, त्यांनाही शिकायचे असतेच. इंटर्नच्या वाट्याला नमुने पोचवणे आणि रिपोर्ट आणणे उरते. दुसरीकडे नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे २०० प्रश्न डोक्यावर. खेड्यातले काम जिथे शिकायचे, त्या पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) १२ आठवड्यांत अभ्यासाला सवड मिळते म्हणून ती पोस्टिंग आवडती! मुलांना दोष देण्यात अर्थ नाही; पुढची जागा त्या गुणांवरच मिळते.

एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमात कोणते कौशल्य नुसते दाखवायचे, कोणते स्वतंत्रपणे करायचे आणि काहींबाबत किती वेळा, हे लिहिलेले आहे. कागद चांगला आहे. पोस्टिंग संपताना सगळ्या नोंदींवर एका बैठकीत सह्या झाल्या की त्याला किंमत राहत नाही.

सोलापुरात आणखी एक गोष्ट विचारायला हवी, ती भाषेची. अक्कलकोटकडचा रुग्ण कानडीत सांगतो, शहराच्या पूर्व भागातला तेलुगूत. बाहेरगावहून आलेला विद्यार्थी वॉर्डातल्या मावशींकडून हिस्ट्री (आजाराची माहिती) घेतो आणि ‘छातीत जळजळ’ व ‘छातीत दाब’ यांतला फरक वाटेतच हरवतो. ‘कुठे दुखते, कधीपासून, काय केल्यावर वाढते’ अशी पन्नासेक वाक्ये पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये पाठ करून घेता येतील.

आमची सूचना अशी : बंधपत्राच्या नोकरीला सहा महिने झाल्यावर एक पानी तक्ता भरून घ्यावा. त्यात पंधराच कौशल्ये असावीत आणि प्रत्येकापुढे चार रकाने : पाहिले, मदत केली, देखरेखीखाली केले, एकट्याने केले, शिवाय किती वेळा. ‘शिक्षण कसे वाटले’ हा प्रश्न त्यात नकोच. भरलेले तक्ते पुढच्या तुकडीच्या पोस्टिंग लागण्यापूर्वी त्या त्या विभागप्रमुखांच्या टेबलावर पोचले पाहिजेत. तक्त्यावर नाव नको, तुकडीचे वर्ष पुरे.

– वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित काही वाचक, सोलापूर