कुटुंबाला निवारा हवा, खाट नव्हे: आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,
स.न.वि.वि.

फुटपाथवरच्या कुटुंबाला निवाऱ्यात चला म्हटले की ते बहुधा नकार देते, आणि मग 'या लोकांना रस्त्यावरच राहायचे असते' असे म्हणून विषय मिटवला जातो. हा नकार कशामुळे येतो, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

सिग्नलला गजरे विकणारी बाई, नाक्यावर कामाची वाट पाहणारा तिचा नवरा, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आणि दोन लहान मुली असे एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. निवारा पुरुषांचा असेल तर आई आणि मुली बाहेर राहतात, महिलांचा असेल तर बाप आणि वाढत्या वयाचा मुलगा बाहेर राहतो, आणि मुलांचा असेल तर आईबाप दोघेही. शिवाय ताडपत्री, भांडी, स्टोव्ह, कपड्यांचे गाठोडे हे सगळे मागे ठेवून जायचे, म्हणजे सकाळपर्यंत ते अतिक्रमणाच्या गाडीत गेलेले असण्याची धास्ती. तिच्या जागी आपण असतो तर आपणही फुटपाथच पत्करला असता.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनी कुटुंबांसाठी खासगीपणा जपणारे वेगळे निवारे आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागा सांगितली आहे, त्यामुळे तत्त्वाचा वाद आता उरलेला नाही. संख्येचा मात्र आहे. याच सूचनांप्रमाणे लाख लोकवस्तीमागे किमान 100 जणांची सोय हवी. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती, म्हणजे हा किमान निकष तंतोतंत पाळला तरी सोय होते सुमारे 12,400 जणांची, आणि त्याच जनगणनेत शहरातल्या बेघरांची नोंद आहे 57 हजारांहून अधिक. पाचांतले जवळजवळ चौघे तरीही उघड्यावरच. बेघरांची ती मोजणी 28 फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली होती. त्या रात्री कोण कुठे कामाला गेले होते आणि कोण गणकाला पाहून आडोशाला सरकले, याचा हिशेब कोणी ठेवणार नाही.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा आहे. 10 जुलै 1985 रोजी याच शहरातील फुटपाथवासीयांच्या, ओल्गा टेलिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, कारण माणूस फुटपाथवर राहतो तो काम जवळ असते म्हणून. न्यायालयाने झोपड्या हटवायला परवानगी दिली हे खरे, पण पावसात कोणी उघड्यावर पडू नये म्हणून 31 ऑक्टोबरपर्यंत थांबायलाही सांगितले. चाळीस वर्षांपूर्वी जे न्यायालयाला कळले ते आजच्या नियोजनात उतरायला हवे. दादरच्या फूलबाजारातून पहाटे माल उचलणाऱ्या बाईला मानखुर्दला खोली दिली, तर आठवड्याभरात ती परत दादरलाच दिसेल.

जागा नाही हे उत्तर पटत नाही. पटसंख्येअभावी पालिकेच्या मराठी शाळांचे जे वर्ग रिकामे पडले आहेत (त्याचे दुःख वेगळे, ते इथे काढत नाही), त्यांतले काही लाकडी आडभिंती घालून कुटुंबांच्या खोल्या करता येतील. 2025-26 साठी 74,427 कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या पालिकेला हा खर्च जड नाही.

तेव्हा विनंती अशी की, येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक विभागात निदान एक कुटुंब-निवारा, लोक आज जिथे झोपतात तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर सुरू करावा. वयात आलेल्या मुलाला आईपासून वेगळे करू नये. निवाऱ्याचा पत्ता रेशनकार्ड, आधार आणि शाळाप्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचे लेखी आदेश काढावेत. आणि खोलीच्या कुलपाची किल्ली त्या कुटुंबाकडेच असावी.

कळावे,
मुंबईतील एक नागरिक