मेळ बसल्याशिवाय डिलीट नको

बंगळूर,
रविवार, रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांना,
सा. न. वि. वि.

दुपारी फोन ठेवला, पण मनातून विषय जाईना, म्हणून लिहायला बसले. बाबा, फोनवर सांगितलेलं तुम्ही घाईघाईने पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेता आणि नंतर तुमचंच अक्षर तुम्हाला लागत नाही. हे पत्र कोपऱ्यावरून छापून आणा आणि कॉम्प्युटरजवळच्या फाईलला लावून ठेवा. सगळ्यात आधी एक विनंती. 'पूर २०१९' या फोल्डरला हात लावू नका. का, ते पुढे लिहिते. ते तुमच्यापेक्षा मला जास्त जड जाणार आहे.

सी ड्राईव्हची पट्टी लाल झाली, जेमतेम ३ जीबी शिल्लक राहिली, दुकानदार म्हणाला फॉरमॅट मारा नाहीतर नवा घ्या, आणि तुम्ही ठरवलंत की सगळ्यात जुना फोल्डर पुराच्या फोटोंचा आहे, तोच काढून टाकू. जुनं म्हणजे मोठं असणार, असं कुणालाही वाटेल. म्हणूनच आज मी आईला फोन स्क्रीनसमोर धरून उभं केलं. फोल्डरवर माउसचं उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडली तेव्हा काय दिसलं, आठवतंय ना? १४६ एमबी. एका जीबीचा सातवा हिस्सा. तो सगळाच्या सगळा पुसला असता तरी लाल पट्टी केसभरही हलली नसती.

तुम्ही विचारलंत की प्रत्येक फाईलपुढे आकार लिहिलेला असतो, मग फोल्डरपुढचा रकाना कोरा का. प्रश्न अगदी दिवाणजीचा होता. विंडोज प्रत्येक फाईलचा आकार नोंदून ठेवतं, फोल्डरचा नाही. फोल्डर म्हणजे खतावणीतलं असं खातं, ज्यात नोंदी सगळ्या आहेत पण खाली बेरीज मारलेली नाही. प्रॉपर्टीज म्हटलं की कॉम्प्युटर आतल्या सगळ्या पोटफोल्डरांतून एकेका नोंदीवर बोट ठेवत बेरीज करायला लागतो. आई म्हणाली ना, "अगं, आकडा वाढतोय, वाढतोय, थांबतच नाही"? ती तीच बेरीज. आकडा थांबेपर्यंत वाट बघायची. मध्येच वाचला तर चुकीचा वाचाल.

त्या खिडकीत दोन आकार दिसतात, एक नुसता 'साईझ' आणि एक 'साईझ ऑन डिस्क'. आई, हे तुझ्या डब्यांसारखं आहे. डिस्कवरची जागा छोट्या सारख्या मापाच्या डब्यांत वाटलेली असते, घरच्या विंडोजवर बहुधा ४ केबीचा एक डबा. मूठभर मोहरी असली तरी तिला एक अख्खा डबा द्यावा लागतो, उरलेल्या जागेत दुसरं काही भरता येत नाही. म्हणून बारीक बारीक फाईली पुष्कळ असल्या की दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच मोठा दिसतो. जागा किती अडली हे बघायचं असेल तर दुसरा आकडा. दोन फोल्डरांत माल सारखाच आहे का हे बघायचं असेल तर पहिला, आणि तोही जीबीत नाही, कंसातल्या बाइट्समध्ये. जीबीचा आकडा वरवरचा असतो, दोन-चार फोटो कमी असले तरी तो बदलत नाही.

बाबा, २५६ म्हणून घेतलेली डिस्क २३८ दाखवते आणि १८ जीबी दुकानदाराने खाल्ले, हा राग मात्र सोडून द्या. विकणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट्स धरतो. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा जीबी भरतो १०७ कोटींच्या वर. माल तेवढाच, माप वेगळं. मण गावोगाव वेगळा असायचा, हे तुम्हीच मला सांगितलंय. मी येताना एक टीबीची बाहेरची डिस्क आणणार आहे, ती ९३१ दाखवेल. तेव्हा परत हेच बोलायला नको.

आता जागा खरी कुठे गेली ते. आज आपण एकेक फोल्डर उघडून बघितला त्यात दीड तास गेला आणि आईचा हात भरून आला. खरं तर यासाठी विनडरस्टॅट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, २००३ पासूनचा. तो सगळ्या डिस्कच्या बेरजा एकदम मारतो, फोल्डर मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेत लावतो आणि डिस्कचा एक रंगीत नकाशा काढतो. प्रत्येक फाईल म्हणजे एक चौकोन, जेवढी फाईल मोठी तेवढा चौकोन मोठा. सातबाऱ्यावर क्षेत्र वाचण्यापेक्षा गटाचा नकाशा बघितला की शेत कुणाचं मोठं ते पटकन कळतं, तसंच. विझट्री म्हणून आणखी एक आहे. तो फाईली चाळत बसत नाही, विंडोजची मूळ नोंदवहीच सरळ वाचतो, त्यामुळे काही सेकंदांत उत्तर देतो.

या चौकोनांच्या नकाशामागची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन म्हणून आता निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत. १९९० साली त्यांच्या प्रयोगशाळेत चौदा जणांत मिळून ८० एमबीची एक हार्ड डिस्क होती. ती सारखी भरायची, आणि जागा कुणी, कुठे अडवली ते कळायचं नाही. त्या अडचणीतून त्यांनी ही चौकोनांची युक्ती काढली. ८० एमबी म्हणजे आईने गणपतीत काढलेला आरतीचा एक व्हिडिओ. तेवढ्यात चौदा माणसांचं काम चालायचं. पण प्रश्न आज आपण तिघांनी केला तोच होता.

घरी आल्यावर मीच तो प्रोग्रॅम टाकून देईन. तुम्ही टाकू नका, कारण त्यातूनच फाईल पुसताही येते, आणि नकाशातला सगळ्यात मोठा चौकोन बघून माणसाचा हात शिवशिवतो. मोठे चौकोन कधीकधी विंडोजचे स्वतःचे असतात. हायबरफिल नावाची मोठी फाईल दिसेल, कॉम्प्युटर गाढ झोपवताना, म्हणजे हायबरनेट करताना, चालू काम त्यात ठेवलं जातं. विंडोज नावाच्या फोल्डरात शिरायचंच नाही. तिथे एकच फाईल दोन-दोन ठिकाणी नोंदलेली असते, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

आज सापडलं ते असं. व्हॉट्सॲपचे २२ जीबी. दादाच्या लग्नाचे व्हिडिओ ३४. आणि तुम्ही फोनमधून केबलने उतरवलेले फोटो, तीन वेळा उतरवलेले. 'फोन', 'फोन नवीन' आणि 'फोन नवीन - कॉपी'. या तिघांनी मिळून १२१ जीबी अडवलेत. निम्मी डिस्क.

यातले शेवटचे दोन आपण शेजारी शेजारी प्रॉपर्टीज उघडून बघितले. आईने चष्मा वर सरकवून एकेक अंक वाचला, चार, चार, दोन, तीन, आठ, पार शेवटच्या शून्यापर्यंत, आणि तुम्ही दुसऱ्या खिडकीवर बोट धरून "हं, हं" म्हणत होतात. दुकानात तुम्ही आणि भागीदार रात्री कीर्द वाचायचात, अगदी तसं. मी लहानपणी पोत्यांच्या थप्पीवर बसून ते ऐकलंय. बाइट्स शेवटच्या अंकापर्यंत सारखे, फाईली दोन्हीकडे ८,९०६. मेळ बसला. 'फोन नवीन - कॉपी' काढायला माझी हरकत नाही. फक्त आधी 'फोन नवीन'मधले दहा-बारा फोटो आणि तीन-चार व्हिडिओ उघडून बघा. पुसताना विंडोज विचारेल की हा फोल्डर कचरापेटीत मावत नाही, कायमचा काढू का. घाबरू नका, कचरापेटीचं माप ठरलेलं असतं आणि ४१ जीबी त्यापेक्षा जास्त आहे. पण 'हो' म्हटलं की तो परत येणार नाही, म्हणून 'हो' म्हणायच्या आधी नावातला 'कॉपी' हा शब्द आईकडून मोठ्याने वाचून घ्या.

'फोन' या पहिल्या फोल्डरचं वेगळं आहे. तो ३८.६ जीबी आणि त्यात ८,४१२ फाईली. तुम्ही लगेच म्हणालात, "हा लहान आहे, म्हणजे अर्धवट उतरलेला, काढून टाकू." नको, बाबा. तो दिवाळीतला आहे. दिवाळीनंतर तुम्ही फोनमधले बरेच फोटो पुसलेत. ते नव्या फोल्डरात नसणार, पण या लहान फोल्डरात असू शकतात. लहान फोल्डर मोठ्याच्या पोटात असतोच असं नाही. आकारावरून एवढंच कळतं की दोघांत फरक आहे. फरक कशाचा, ते फाईलवार ताडून बघावं लागतं. त्यासाठी विनमर्ज म्हणून प्रोग्रॅम आहे, दोन फोल्डर समोरासमोर ठेवून कुठली फाईल कुठे नाही ते दाखवतो. ते आल्यावर मी करते. तोवर एका कॉपीच्या ४१ जीबीने तुमची लाल पट्टी निळी होईल, तेवढं पुरे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

आई, पूर ओसरल्यावर आपण सांगलीच्या गावभागातल्या घरी परत आलो तो दिवस तुला आठवत असेलच. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आपल्या कपाटाच्या खालच्या तीन फळ्या गाळाने भरल्या होत्या. अल्बम एकाला एक चिकटलेले. तू ते फोटो कोमट पाण्यात सोडून सोडून सुटे केलेस आणि पडद्याच्या दोरीवर चिमटे लावून वाळवलेस. बाबांनी एकेक करून ३१२ फोटो स्कॅन केले, अडीच महिने, मोठ्या मापात, कारण त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की पुढे मोठे करायचे तर असेच करावेत. कागदाचे मूळ फोटो बुरशीने काळे पडत गेले आणि शेवटी टाकावे लागले.

२०२१ मध्ये मी घरी राहून काम करत होते तेव्हा डिस्क अशीच भरली होती. मला 'पूर २०१९' नावाचे दोन फोल्डर दिसले, एक तुमच्या डेस्कटॉपवर, एक डॉक्युमेंट्समध्ये. नावं तीच. आतल्या फाईलींची नावंही तीच, एकपासून तीनशे बारापर्यंत. मी दोन्हीकडच्या फाईली मोजल्या, ३१२ आणि ३१२. म्हटलं, दोनदा ठेवलेत. एक पुसला, तोही शिफ्ट दाबून, म्हणजे कचरापेटीतही न जाता. आकार बघितला नाही. पुसला तो साडेसात जीबीचा होता, बाबांच्या अडीच महिन्यांचा. राहिला तो १४६ एमबीचा, बाबांनी नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायला बारीक करून ठेवलेला.

बाबा, पोती मोजली आणि काट्यावर चढवलीच नाहीत. नग बरोबर आले म्हणून हिशेबाची पट्टी फाडली. तुमच्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला त्या दिवशी जेवू दिलं नसतं.

दोन दिवसांनी लक्षात आलं. परत मिळवायचा प्रयत्न केला, पण आपल्याकडची डिस्क नव्या प्रकारची, एसएसडी. तिच्यात पुसलेली जागा आतून लवकरच खरोखरची रिकामी केली जाते, जुन्या फिरत्या डिस्कसारखं मागे काही उरत नाही. काही मिळालं नाही, आणि मी तुम्हाला काही सांगितलं नाही.

आई, आजीच्या वर्षश्राद्धाला तू तिचा आणि आजोबांचा लग्नातला फोटो मोठा करून फ्रेम करायला दिलास. तो आला तेव्हा आजीच्या मुंडावळ्यांच्या जागी नुसते चौकोन होते आणि डोळे पुसट झाले होते. तू मला विचारलंस आणि मी म्हणाले, जुने फोटो मोठे केले की असेच फुटतात. ते खरं नव्हतं. बाबांनी केलेल्या स्कॅनमधून तो फोटो भिंतभर झाला असता. तू ती फ्रेम तशीच लावलीस आणि रोज तिच्यासमोर उदबत्ती लावतेस. दर वेळी व्हिडिओ कॉलमध्ये तुझ्या मागे ती दिसते.

हे तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. मला माफ करा. आता जे १४६ एमबी आहेत तेवढेच आपल्याकडे आहेत, त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. म्हणून आज तुम्ही तो फोल्डर काढतो म्हणालात तेव्हा मी फोनवर एवढी ओरडले. उद्या सकाळी पहिलं काम, तो फोल्डर आईच्या पेनड्राईव्हवर कॉपी करा, दोन्हीकडची प्रॉपर्टीज उघडा, फाईली आणि बाइट्स दोन्ही ताडा आणि आकडे मला कळवा. माझ्या वहीत आजचे आकडे लिहून ठेवलेत.

आणखी एक. आजीच्या लग्नातल्या त्या फोटोच्या तेव्हा दोन-तीन प्रती काढल्या होत्या, असं आजी म्हणायची. मिरजेची मावशी वरच्या मजल्यावर राहते, तिच्याकडे पाणी गेलं नव्हतं. तिच्या पेटीत एखादी प्रत असेल का, आई? तू विचारशील? मी थेट विचारलं तर ती कारण विचारेल आणि तुझ्याआधी तिला सांगणं मला बरं वाटत नाही. असेल तर तिला म्हणावं, फोटो अल्बममधून ओढून काढू नको, आहे तसा राहू दे. मी पुढच्या शनिवारी पहाटे पोचते, दुपारी बाबांचा स्कॅनर घेऊन मिरजेला जाऊ.

बाबा, गुडघ्याला तेल लावताय ना? उत्तर फोनवर नको, दोन ओळी लिहून पाठवा, रागाच्या असल्या तरी.

तुमची,
ताई