बाबा, मशीन घेतलंय

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, आधी मुद्द्याचंच लिहिते, नाहीतर तीन पानं इकडचं तिकडचं लिहीत बसेन. चामड्याचं शिवणयंत्र घेतलं. पैसे भरून झाले, बुधवारी माझ्या वर्कशॉपमध्ये येतंय. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता आणि त्या "बघू"वर अजून दोन वर्षं गेली असती. तुमच्या अंगठ्याकडे तेवढा वेळ नाही, असं मला वाटतं.

रागावलात तरी चालेल, पण पत्र पूर्ण वाचा.

काकांच्या वेळी काय झालं ते मी विसरलेले नाही. तेव्हा मशीन आलं आणि हातकाम घरातून उठलंच. हे तसं होणार नाही. पट्ट्यांच्या लांब कडा, बॅगांच्या बाजू आणि आतले खिसे मशीनवर जातील. बक्कलची टोकं, हँडलची बुडं, वादी जिथे बॅगेला जोडली जाते ती जागा, म्हणजे जिथे जिथे ओझं ओढलं जातं तिथे हाताचाच टाका, आणि तो तुमचाच. फक्त दिवसाला दोन तास, त्यापुढे एक टाकाही नाही.

मी हिशोब मांडून बघितला. ४० इंचांचा पट्टा घेतला तर दोन्ही कडा मिळून ८० इंच. इंचाला ७ टाके धरले तर ५६०. प्रत्येक भोकातून दोन सुया जातात, म्हणजे ११२० वेळा ओढायचं. दोरा शिवणीच्या चौपट लागतो, म्हणजे २७ फुटांच्या आसपास, आणि हात पसरून ओढता येईल तेवढाच एका वेळी घेता येतो, म्हणून मध्ये मध्ये जोड. हे सगळं एका पट्ट्याला. गेल्या महिन्यात तुम्ही ११ पट्टे केलेत, बाबा. बारा हजारांवर ओढी झाल्या, आणि प्रत्येक ओढीचा झटका अंगठ्याच्या बुडाशी, त्याच सांध्यात.

मागच्या वेळी आले तेव्हा मी बघत होते. भोक पाडायची आरी तुम्ही बोटांत धरत नव्हता, मुठीत धरत होता. मेणाच्या डब्याचं झाकण न बोलता आईकडे सरकवलंत. आई, तूही काही बोलली नाहीस. तुम्हा दोघांना वाटलं मला दिसलं नाही.

आता जे सांगायला मला महिना लागला ते सांगते. तपकिरी बॅगेची वादी. ती तुमच्याकडून आली तशी मी दिव्याखाली धरली. पहिले साठेक टाके असे होते की कुणालाही दाखवावेत. सगळ्यांचा कल एकसारखा, मागची बाजूही पुढच्याइतकीच देखणी. पण बक्कलजवळ चार ठिकाणी आरी घसरली होती. एका भोकाशेजारी दुसरं भोक, मध्ये केसाएवढं चामडं. कापड असतं तर नखानं चोळून सारखं केलं असतं. पण चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत, तेही माझ्या पहिल्याच पाकिटावर. ओझं पडल्यावर ती जागा फाटली असती.

म्हणून मी बक्कलजवळची ती शिवण उसवली. रात्री, दार लावून, कुणी बघत नसताना. एक टाका कापला आणि ओढून बघितला, तर शेजारचा हललासुद्धा नाही. मशीनची शिवण असती तर वरचा दोरा दर चार-पाच टाक्यांवर कापल्यावर खालचा अख्खा सरकन निघून आला असता, कारण तिथे एक दोरा वर, एक खाली, आणि दोघांची गाठ फक्त चामड्याच्या पोटात. तुमचे दोन्ही पदर प्रत्येक भोकातून आरपार गेलेले. एक झिजून तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मला एकेक टाका वेगळा कापावा लागला, दोन्ही बाजूंनी. अर्धा तास लागला आणि तेवढा वेळ मी रडत होते. शेवटी नवी वादी कापून मीच शिवली आणि तीच गिऱ्हाईकाला दिली. तुम्ही फोनवर विचारलंत, "वादी आवडली का त्यांना?" मी म्हटलं, "खूप." ते खोटं होतं, माझ्याच्यानं आता ते ठेववत नाही.

बाबा, हा तुमच्या हाताचा दोष नाही, सांध्याचा आहे. इतक्या वर्षांत ही एकच वादी. ती मी टाकली नाही. खणात आहे, त्या साठ टाक्यांसकट. नवीन मुलगी कामाला आली की आधी तेच दाखवते.

तुम्ही म्हणाल, मशीन कापडाचं, चामड्याला आरीच हवी. पण १७९० साली इंग्लंडमध्ये थॉमस सेंट नावाच्या माणसानं शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, ते चामडं आणि कॅनव्हास शिवण्यासाठीच. त्या आराखड्यात आधी आरी खाली येऊन भोक पाडते आणि मग सुई दोरा घेऊन उतरते. म्हणजे त्या माणसानं आधी कुणातरी चर्मकाराचा हात नीट बघितला असणार. हे वाचलं आणि मला तुमचीच आठवण आली. त्याचा टाका मात्र एकाच दोऱ्याचा, साखळीचा होता. तुम्ही त्याला पास केलं नसतंत.

मी घेतलेलं मशीन वॉकिंग फूटचं आहे. वरचा पाय, सुई आणि खालचे दाते एकत्र पुढे चालतात, त्यामुळे दोन थर एकमेकांवर सरकत नाहीत. मोटर सर्वो आहे, म्हणजे पेडलवर पाय हलकेच टेकवला तर एकेक टाका पडतो, कोपऱ्यावर चाक हातानं फिरवायचं. मशीनच्या पायाचे वळ मऊ चामड्यावर उठतात हे मला माहीत आहे, म्हणून पायाच्या कडा घासून गुळगुळीत करून घेणार आहे. टाका चार मिलिमीटरच्या खाली नेणार नाही. भोकं फार जवळ आली की चामडं तिकिटासारखं फाटतं, हेही तुमचंच वाक्य.

तुम्हाला आठवतं का, चामडं धरायच्या लाकडी चापाच्या पलीकडे मला पाटावर बसवायचात? उजवी सुई तुमची, डावी माझी. "आली का?" तुम्ही विचारायचात. "आली," मी म्हणायचे. मग दोघांनी एकदम ओढायचं. दोरा करंगळीत रुतला की आई मेणाच्या फडक्याची पट्टी गुंडाळायची, आणि शाळेत दिवसभर माझ्या हाताला मेणाचा वास यायचा. अजूनही एखादा टाका नीट बसला की माझ्या तोंडून "आली" निघतं. वर्कशॉपमधल्या मुली बघत राहतात.

आता ऐका, आणि हे ऐकायचंच आहे.

इथून पुढे तुकडे भोकं पाडूनच येतील. चार दातांचा काटा ठोकून मी इथूनच पाडून पाठवेन. तुम्हाला आयती भोकं आवडत नाहीत, माहीत आहे. पण आरी दाबायला जो जोर लागतो तोच सांध्याला खातो, तेव्हा आरीनं फक्त भोक मोकळं करायचं. आरीला आठवड्यातून एकदा धार लावा, चामड्याच्या पट्टीवर घासलीत तरी पुरे. सुई अडली तर पक्कड सरळ ओढा, पिळू नका. तो बुटका स्टूल बंद. पाठीला टेका असलेली खुर्ची येतेय, तिच्यावर उशी घालून बसा. दिवा डावीकडून. शिवून झालं की कोमट पाण्यात दहा मिनिटं हात, रोज, दुखत नसलं तरी. गुरुवारी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचंय, वेळ मी घेतली आहे, दादा घेऊन जाईल. तिथे "काही नाही, जरासं दुखतं" असं म्हणू नका. आई, तू सोबत जा आणि झाकणाचं सांग.

आई, दोऱ्याला मेण लावायचं काम तुझंच राहील. तुझ्या हातचा दोरा भोकातून जसा जातो तसा माझा जात नाही. पण सुया ओवायला ती जाळीची ओवणी वापर, डोळे ताणू नकोस.

मशीन आलं की पहिला आठवडा फक्त तुकड्यांवर चालवणार आहे, दोऱ्याचा ताण जुळेपर्यंत. त्यानंतर रविवारी तुम्हाला न्यायला येते. बाबा, तुम्ही शेजारी बसा आणि गाठ चामड्याच्या पोटात बसते की वर डोकावते ते बघून सांगा. तुम्ही बरोबर म्हणाल तेव्हाच पहिला खरा पट्टा लावेन.

तुमची,
मनू

ता. क. येताना तुमचा जुना चाप घेऊन या, गाडीत जागा ठेवली आहे. उचलायचा मात्र दादानं, तुम्ही नाही.