मोत्याचा श्वास परत देणाऱ्या दोघांचे आभार

गेल्या आठवड्यात परभणीजवळ आमच्या कुत्र्याला, मोत्याला, जीपची धडक बसली; अंगावर जखम दिसत नव्हती, पण तो मान ताणून तोंडाने श्वास घेत होता आणि हिरड्या निळसर पडल्या होत्या. घरी निघालेल्या डॉक्टरांनी गाडीची किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि एक्स-रेसाठी न थांबता नवव्या बरगडीच्या पुढच्या कडेला लागून (मागच्या कडेने रक्तवाहिन्या जातात, हे त्यांनी नंतर सांगितले) सुई घालून छातीत साठलेली हवा सिरिंजने ओढून काढली. तोवर मदतनीस काकांनी मोत्याच्या हनुवटीखाली तळहात धरला होता आणि ते ‘झालं बरं, लेकरा’ एवढेच पुटपुटत होते. पाचव्या-सहाव्या सिरिंजनंतर मोत्याने तोंड मिटले. नावे विचारायचे भान मला राहिले नाही. त्या दोघांचे मनःपूर्वक आभार.